तार

डाव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत धातूची एक चपटी डबी बसवतात. हृदयाच्या बेफाम ठोक्यांना झटका देऊन ताळ्यावर आणणारा डिफिब्रिलेटर म्हटलं की बोलणं होतं ते या डबीचं. तिची बॅटरी किती वर्षं चालेल, ती बदलायची कधी, एवढंच विचारलं जातं. पण डबी पडून असते सुखरूप, सहज हात पोचेल अशा जागी. काळजातली नोकरी करते ती तार. डॉक्टर तिला लीड म्हणतात, पेशंट वायर.

शिरेतून ती आत शिरते, झडप ओलांडते आणि उजव्या जवनिकेत टोक रुतवून बसते. तिच्या आत एकाहून अधिक वाहक तारा असतात आणि त्यांच्यावर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण. मुख्य कामं दोन, आणि एकमेकांपासून फार दूरची. एक, ऐकण्याचं: हृदयाच्या ठोक्याची हजारांश व्होल्टमध्ये मोजायची कुजबुज डबीपर्यंत पोचवायची. दुसरं, ठोके बेफाम होऊन रक्ताभिसरण थांबलं की 700-800 व्होल्टचा झटका हृदयात सोडायचा. हे दुसरं काम वर्षानुवर्षं येत नाही, काहींच्या आयुष्यात कधीच येत नाही. पहिल्याला मात्र सुट्टी नाही. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं वाकणं. दहा वर्षांत हा आकडा छत्तीस कोटींच्या पुढे जातो. शिवाय हात वर केला की कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यात चिमटा बसतो तो वेगळाच.

तिचे उपकार मोठे आहेत. 1980 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिला डिफिब्रिलेटर माणसात बसवला, तेव्हा छाती उघडावी लागली होती. पुढे शिरेतून जाणारी तार आली आणि ते संकट टळलं. मग ती आणखी बारीक असावी, शिरेत आणखी सहज सरकावी, असं सगळ्यांनाच वाटू लागलं.

त्या हौसेतून 2004 मध्ये मेडट्रॉनिक कंपनीची स्प्रिंट फिडेलिस ही तार बाजारात आली. जाडी जेमतेम 2.2 मिलिमीटर. आधीच्या मान्यताप्राप्त तारेतली सुधारणा म्हणून तिला परवानगी मिळाली. माणसांवरची वेगळी दीर्घ चाचणी झाली नाही. माझ्या मते खरी चूक इथेच आहे. तुटणारी तार बनली यापेक्षा, ती टिकते की नाही हे पेशंटच्या शरीरात कळू दिलं, हे मला जास्त गंभीर वाटतं. ज्या मिनिआपोलिस शहरात कंपनीचा कारभार, तिथल्याच डॉ. रॉबर्ट हाउजर यांनी आपल्या पेशंटमधल्या अवेळी तुटलेल्या तारा मोजल्या आणि 2007 मध्ये ते छापून आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विक्री थांबली. तोवर जगभर सुमारे 2 लाख 68 हजार तारा माणसांच्या आत गेल्या होत्या.

तुटलेली तार नुसती गप्प बसत नाही. चिरलेली टोकं एकमेकांवर घासतात, त्यातून खरखर उठते आणि डबी तिला हृदयाचा थयथयाट समजते. मग पूर्ण शुद्धीत असलेल्या, धडधाकट हृदयलय असलेल्या माणसाला झटका बसतो. कधी एकामागून एक. ज्यांनी हे सोसलंय त्यांना पुढे झोपायचीही भीती वाटते, आणि ती भीती कुठल्या यंत्रात मोजता येत नाही. उलट झटका वाहणारी तारच तुटली, तर गरजेच्या क्षणी काहीच पोचत नाही.

सेंट ज्यूड या दुसऱ्या कंपनीच्या रियाटा तारेचं दुखणं निराळं होतं. आतल्या वाहक तारा आतूनच आवरण कुरतडत बाहेर आल्या. एक्स-रेत त्या लीडबाहेर लोंबताना दिसत. 2010 च्या अखेरीस तीही बाजारातून गेली.

मग बिघडलेली काढून का टाकत नाहीत? कारण काही वर्षांत शरीर तिला आपलंसं करतं. शिरेच्या भिंतीला, झडपेला ती जखमेच्या तंतूंनी चिकटते. लेसरने सोडवता येते, पण महाशीर फाटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून पुष्कळदा जुनी तिथेच ठेवून शेजारी नवी घालतात. सत्तरीतल्या माणसाला ते चालून जातं. विशीतल्या मुलीच्या शिरेत पुढच्या पन्नास वर्षांत किती तारा मावणार, हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावा लागतो.

अशांपैकी काहींसाठी आता हृदयात न शिरता छातीच्या कातडीखालून जाणारी तार आहे. मंदावलेल्या हृदयाला ठोके देत राहण्याचं काम, म्हणजे पेसिंग, ती कायमचं करू शकत नाही, पण तिच्यापायी महाशिरेला धोका नाही. तिच्याही एका नमुन्याबद्दल, ती तुटू शकते असा इशारा 2020 च्या डिसेंबरात द्यावा लागला.