बर्फावरची आठवण

स्मृतीवर काम करतो म्हटलं की समोरच्याला वाटतं, आम्ही मेंदूत डोकावून आठवणी वाचतो. आमचा निम्मा जीव मात्र बर्फ पुरेसा आहे ना आणि सेंट्रिफ्यूज वेळेत गार झालंय ना, यातच गुंतलेला असतो.

पेटीत ठेवलेल्या उंदराच्या पायाला विजेचा हलका झटका बसतो. पुढे त्याच पेटीत ठेवलं की तो जागीच थिजतो. या आठवणीचा ठसा हिप्पोकॅम्पसमधल्या मोजक्या पेशींतही उमटतो. त्या पेशींवर चमकणाऱ्या प्रथिनाची खूण करून आम्ही त्या वेगळ्या काढतो. प्रत्येकीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. शिकण्यामुळे त्यातली अक्षरं बदलत नाहीत, गुंडाळी कुठे सैल होते तर कुठे आवळते. सैल जागा शोधायला टीएन5 हे विकर वापरतात. जिथे शिरकाव मिळेल तिथे ते डीएनए कापतं.

खरी मेख पुढे आहे. फॉस, आर्क ही जनुकं शिकताना जागी होतात, तशीच ती 37 अंशांवर विकर घालून पेशी सुट्या करतानाही होतात. मग दिसलं ते उंदराचं शिकणं की आमच्या हाताचा प्रताप? म्हणून अख्ख्या पेशीचा नाद सोडून थंडीतच केंद्रकं काढायची. काचेच्या नळीत दांडा सावकाश वर-खाली करायचा, फेस येऊ द्यायचा नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. केंद्रकं गोल, रेखीव कडांची असली तर पुढे जायचं. कडा फाटून चिकट गुठळ्या झाल्या असतील, तर नमुना सरळ टाकून द्यायचा.

एवढ्या सोसण्याचं फळ मोठं आहे. एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की शिकताना डीएनएवरच्या अनेक नियंत्रक जागा उघडतात, पण जनुकांचं काम लगेच त्या प्रमाणात वाढत नाही. ही पूर्वतयारी उपयोगी पडते ती नंतर, आठवण पुन्हा जागी होताना.

पण एका उंदराचा मेंदू एकदाच तपासता येतो. शिकण्यापासून आठवण्यापर्यंतचा क्रम वेगवेगळ्या उंदरांवरूनच जुळवावा लागतो. त्यामुळे सगळी भिस्त जोडीच्या उंदरावर असते: तीच पेटी, तीच हाताळणी, फक्त झटका नाही. ‘आठवणीचं कोडं सुटलं’ अशी बातमी वाचलीत, तर आधी एवढंच विचारा: तुलनेला कोणता उंदीर होता?