धावण्याची सावड

"पळून काय गावतं गं तुम्हास्नी?" असे आम्हाला गेली सहा वर्षे विचारले जात आहे. विचारणारे वाईट मनाने विचारत नाहीत. खेड्यातली बाई तशी दिवसभर पळतच असते. पहाटे धारेला, मग पाण्याला, मग भाकरी बांधून रानात आणि दिवेलागणीला वैरणीचा भारा घेऊन परत. त्या पळण्याबद्दल तिला कोणी काही विचारत नाही. पण तीच बाई पहाटे साडेपाचला नुसती पाच-सहा किलोमीटर धावली, डोक्यावर काही न घेता रिकाम्या हाताने घरी आली, की सगळ्यांना ते चमत्कारिक वाटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे मनात होते.

मी सातारा जिल्ह्यात पंचायत समितीकडे कृषी विस्तार अधिकारी आहे. बी.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागले त्याला आता एकोणतीस वर्षे झाली. वय चोपन्न. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही नऊ जणी धावतो. प्राथमिक शाळेतल्या एक बाई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, पतसंस्थेतली कॅशियर, एसटीतली कंडक्टर, दोघी दुकानदारांच्या घरच्या, दोघी शेतकरी घरच्या आणि मी. सर्वांत धाकटी एकतीस वर्षांची, थोरली छप्पन्नची. शाळेत असताना यांतली एकही खेळाडू नव्हती. ललिता बाबर आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचे आम्हाला कौतुक आहे, पण आम्ही त्या वाटेच्या नव्हे. आम्ही हौशी.

सुरुवात झाली ती बचत गटाच्या एका बैठकीत. सिस्टरांनी सगळ्यांचे रक्त तपासले. चौघींची साखर वाढलेली आणि तिघींच्या अंगात रक्त कमी. हे काही आमच्या गावचे नवल नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. घरात सगळ्यांचे वाढून झाल्यावर जी जेवते, तिच्या वाट्याला उरलेसुरले येते, हे मी प्रत्येक गावात पाहते. सिस्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, असे बजावले. आणि साखरवाल्यांना रोज चालायला सांगितले. चालण्याचे धावणे वर्षभरात झाले.

आता खरी अडचण सांगते. पाय दुखतात ते आठ दिवसांत राहतात. खरी अडचण उंबऱ्याची. पहाटे एकटी बाई घराबाहेर पडली तर घरचे विचारतात, दारचे विचारतात आणि सर्वांत आधी ती स्वतःच स्वतःला विचारते की हे मी काय चालवले आहे. त्यावर आम्ही एक रीत काढली. जिचे घर गावाच्या टोकाला, तिने पहिल्यांदा निघायचे आणि वाटेवरच्या पुढच्या घरी हाक द्यायची. त्या दोघींनी तिसरीला. अशी नऊ घरांची साखळी. दारात आलेल्या बाईला परत कसे पाठवायचे, हा आपल्याकडचा संकोच इथे उपयोगी पडला. सासूबाईसुद्धा म्हणू लागल्या, "जा गं, ती खोळंबलीय."

आमच्या भागात जुन्या लोकांना सावड माहीत आहे. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे दुसरा. दोघांनी मिळून आज तुझे रान नांगरायचे, उद्या माझे. पैसा नाही, फक्त फेड. ट्रॅक्टर आले आणि सावड मागे पडली. आमचा हा गट म्हणजे धावण्याची सावडच आहे. कॅशियरच्या सासऱ्यांना अर्धांग झाले तेव्हा तिला तीन महिने घर सोडता आले नाही. आम्ही हाक देणे थांबवले नाही. रोज दोघी जणी तिच्या अंगणात थांबून तिच्याबरोबर खळ्याला वीस फेऱ्या मारायच्या आणि मग पुढे जायच्या. सिस्टरांच्या मुलाचे गणित बाईंनी करून घेतले. कंडक्टरबाई पुण्याच्या फेरीला गेल्या की सगळ्यांच्या मापाचे बूट पाहून यायच्या.

धावणे वाढवण्याची रीत मात्र मी शेतीतून घेतली. रोप लावल्या लावल्या भरमसाट युरिया टाकला तर पीक हिरवेगार दिसते आणि पहिल्या वाऱ्याला लोळते. अंगाचेही तसेच. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि शिरा सावकाश घट्ट होतात. म्हणून अंतर आठवड्याला थोडे थोडेच वाढवायचे. चौथ्या आठवड्यात कमी करायचे. पळताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवायचा. मोट लावून वाफा तुंबवण्यापेक्षा ठिबकने दिलेले पाणी मुळाला पोचते, तसे हे. खायला आमचे नेहमीचेच, भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चिक्की आणि लांब पल्ल्याला मीठ-साखर-लिंबाचे पाणी.

बायकांनी लांब धावू नये ही समजूत काही आपल्याच गावची नव्हे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. ती संपल्यावर काही जणी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून गहजब झाला आणि १९६० सालापर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांना २०० मीटरहून लांब धावू दिले नाही. अमेरिकेत बोस्टनची मॅरेथॉन प्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये बॉबी गिब ही तरुणी तिथे झुडपामागे लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांत मिसळून धावली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्विट्झरने नावाची नुसती आद्याक्षरे देऊन नोंदणी केली, तर एका अधिकाऱ्याने वाटेत तिचा नंबर ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बरोबरच्या पुरुष धावपटूंनी तिला सांभाळले आणि तिने शर्यत पुरी केली. बोस्टनने बायकांना रीतसर घेतले ते १९७२ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. म्हणजे मी शाळेत जाऊ लागले होते तरी जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानात बायकांना ही शर्यत नव्हती.

हे सगळे आम्हाला आमच्या शाळेतल्या बाईंनी वाचून सांगितले. त्यांनीच दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीची गोष्ट आणली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून १९२१ साली ती सुरू झाली. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधले सुमारे नव्वद किलोमीटर अंतर, सगळे चढउताराचे. एका वर्षी समुद्राकडून वर, पुढच्या वर्षी वरून खाली. डर्बनच्या परिसरात उसाचे मळे आहेत आणि तो ऊस लावायला १८६० पासून आपल्याच देशातले मजूर करारावर नेले होते. पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवले होते.

या शर्यतीत १९२३ साली फ्रान्सेस हेवर्ड या बाईंनी नाव दिले. बाई म्हणून ते नाकारले. त्या तरीही धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक मिळाले नाही, पण बघ्यांनी आणि बरोबरच्या धावपटूंनी मिळून त्यांना चांदीची भांडी भेट दिली. बायकांना आणि काळ्या लोकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये. आता जगभरच्या हौशी बायका तिथे जातात, आपल्याकडच्याही अनेक जणी जाऊन आल्या आहेत. बारा तासांत पोचायचे असते. बारा तास झाले की बंदूक वाजते आणि दोन पावले मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही.

हे ऐकून आमच्यातल्या मळ्यातल्या वहिनी म्हणाल्या, "बारा तास व्हय? मग त्यात काय. सुगीत आपण चौदा तास उभ्या असतो." सगळ्या हसल्या. पण वहिनींनी ते मनावर घेतले होते. त्या चव्वेचाळीस वर्षांच्या. पहिले वर्षभर साडीचा काचा मारून आणि मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून धावत. दोन पावसाळे साताऱ्याच्या डोंगरावरची २१ किलोमीटरची शर्यत धावल्या. कॉम्रेड्ससाठी आधी ४२ किलोमीटरची एक शर्यत ठरलेल्या वेळेत पुरी केल्याचा दाखला लागतो. तो बाईंनी आणि वहिनींनी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये मिळवला. वहिनींना पावणेपाच तासांहून थोडा कमी वेळ लागला.

मग पुढची तयारी निघाली. खर्च माणशी दोन लाखांच्या वर. आम्ही भिशी लावली आणि पहिले दोन नंबर चिठ्ठी न काढता त्या दोघींना दिले. उरलेले वहिनी दोन वर्षे दुधाच्या पैशातून साठवत होत्या. पासपोर्ट झाला. पुढे व्हिसाच्या कागदांची यादी आली. त्यात बँकेचे उतारे, उत्पन्नाचा पुरावा आणि काही मालमत्ता असल्यास तिचे कागद. बाईंचे पगारपत्रक होते. वहिनी यादी हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही माझ्या रानात सोयाबीनचा प्लॉट घेतला, पाटी लावली, तिच्यावर नाव मालकांचं. दूध माझं, खातं मालकांचं. तेवीस वर्षं राबले, कागदावर मी कुठंच न्हाई."

त्यांचे यजमान चांगले गृहस्थ आहेत. ते लगेच म्हणाले, खर्च मी करतो असे पत्र देतो. तसे पत्र चालतेही. वहिनी म्हणाल्या, "पत्र द्या. पण उताऱ्याचं काय?" त्या रात्री त्या घरात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. आठ दिवसांनी यजमान पंचायत समितीत माझ्याकडे आले आणि अर्ज कसा करायचा ते विचारले.

वाचक भगिनींनो, आणि विशेषतः बंधूंनो, हे नीट लक्षात घ्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, आणि १९९२ पासून शासनाने त्यासाठी योजना केली आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने स्वतः अर्ज केला, तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. तलाठ्याकडे चौकशी करावी. मी ही माहिती सभांतून वर्षानुवर्षे सांगत आले आहे. लोक मान डोलावतात आणि घरी जातात. पण वहिनींचा अर्ज झाल्यानंतर आमच्या नऊ जणींपैकी दुसऱ्या शेतकरीण बाईंच्या घरचाही अर्ज झाला. वहिनींचे नाव आता उताऱ्यावर आले आहे. दूध डेअरीचे खातेही त्यांच्या नावाचे आहे.

एक अडचण राहिली होती. ही शर्यत बहुधा जूनमध्ये येते. म्हणजे ऐन मृगात. पाऊस वेळेवर झाला तर पेरणी आणि वहिनी परदेशात! सासूबाई म्हणाल्या, "मिरगाला घरची बाई बाहेर न्हाई जायची." त्यांचेही खोटे नाही. सोयाबीनला वाफसा आला की दिवस घालवता येत नाहीत. तेव्हा सावडीचा हिशोब झाला. पेरणी मी उभी राहून करून घेणार, बियाण्याला बीजप्रक्रिया आधीच करून ठेवणार. दुकानदारांच्या घरच्या दोघी भाकऱ्या पोचवणार. धारा सासूबाई आणि त्यांचा नातू काढणार. बाईंच्या घरी सिस्टर लक्ष ठेवणार. हे ठरल्यावर सासूबाईंनी एकच विचारले, "तिथं हिला खायाला काय मिळंल?" चिक्की आम्ही बांधून देणार आहोत.

त्या दोघी येत्या जूनला जातील. बारा तासांत पोचतील की बंदूक आधी वाजेल, ते त्या दिवशी कळेल. नव्वद किलोमीटर हे थट्टेचे काम नाही आणि चांगल्या तयारीची माणसेही तिथे वाटेत थांबतात. पोचल्या नाहीत तर गावात चार लोक बोलतील. ते वहिनींना माहीत आहे आणि तरी त्या दर रविवारी तीस-पस्तीस किलोमीटरचा घाट चढून उतरतात. आम्ही उरलेल्या सात जणी आळीपाळीने त्यांच्याबरोबर पाच-पाच किलोमीटर जातो, म्हणजे त्या एकट्या पडत नाहीत.

तुमच्या घरची कोणी पहाटे चालायला किंवा पळायला जाऊ म्हणत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या आणि पहिला महिना नुसते चालू द्या. तिच्यासाठी शेजारची आणखी एक जोडीदारीण शोधा. आणि ती परत येईपर्यंत चुलीवरचे दूध घरातल्या दुसऱ्या कोणी तरी बघा.