दगड आणता येतात, हिवाळा नाही

चेन्नईतल्या एग्मोरमध्ये गच्चीवर दगड रचावेत, खडीचा थर द्यावा आणि त्यांच्या फटींत आल्प्सच्या उंच कड्यांवरचं पांढरं प्रिम्युला फुलवावं, ही हौस मला खुळी वाटत नाही. यातल्या काही जातींच्या पानांवर पिठूळ भुकटीचा थर असतो आणि त्या पानांमधून फुलांचा गुच्छ वर येतो. असं रोप आपल्याकडे असावंसं वाटणारच. पण खडकबागेत दगडांचं काम मर्यादित असतं. ते पाण्याचा निचरा करतात, मुळं गार ठेवतात. या रोपाला त्याहून मोठी गरज असते ती बर्फाखालच्या काही महिन्यांच्या झोपेची. चेन्नईत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो. मे २००३ मध्ये तो ४५ अंशांवर गेला होता. रात्र उबदार असली की पानांनी दिवसभर कमावलेली साखर श्वसनातच खर्च होते. रोप खंगत जातं आणि दमट उकाड्यात त्याचा बुंधा कुजतो.

यावर कुणी म्हणेल, लंडनच्या क्यू उद्यानात २००६ पासून अशा झाडांसाठी खास काचघर आहे, मग इथं का नको? पण ते काचघर जमिनीखालच्या गारव्यावर हवा खेळती ठेवतं, आणि हिवाळा तिथं आयता मिळतो. इथं तो वर्षभर विजेवर विकत घ्यावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चाफा आणि बोगनवेलही परदेशीच. खरं आहे, पण ती उष्ण मुलखातून उष्ण मुलखात आली. प्रश्न परकेपणाचा नाही, हवामानाचा आहे.

मग पांढऱ्या फुलांची हौस सोडायची का? मुळीच नाही. कासच्या सड्यावर पावसाळ्यात गेंद फुलतो: जमिनीलगत पानांचा झुबका, सुईसारखा दांडा, टोकाला पांढरं बटण. याच कुळावर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक फायसन यांनी १९१९ पासून शोधनिबंध लिहिले. गेंदाचे भाऊबंद दक्षिणेतल्या भातखाचरांतही उगवतात. कासहून रोप उपटून आणू नये. खाचरातल्या जातीचं बी मिळवावं. ऑक्टोबरात पाऊस लागला की पसरट कुंडीत रेताड माती भरावी, ते बारीक बी वरच विखरावं आणि पाणी साचू द्यावं. प्रिम्युलाला जे मारतं, त्यावरच हे फूल जगतं.