मधोमध

शटर वर गेलं की पहिला उजेड त्याच्यावर पडतो. चाकं तशी तीन आहेत, पण दोन नवीन आहेत आणि गरीब स्वभावाची. सांगाल तशी फिरतात. हे तिसरं खिडकीजवळचं. मातीच्या पुटांखाली बुजलेला निळा रंग, पोटात मोटर, पायाशी पेडल. पेडल हळू दाबलं तर आधी ढिम्म. मग मनात आलं की एकदम हिसका देऊन निघतं. सकाळच्या पहिल्या चार-पाच फेऱ्यांत घसा खाकरतं, त्यानंतर दिवसभर एकाच सुरात गुणगुणत राहतं.

बदलापुरातला हा गाळा. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. पुढच्या अर्ध्यात चित्रकलेचा वर्ग, मागच्या अर्ध्यात माती. चित्रांचे घोडे भिंतीला पाठ टेकून उभे असतात, कुणीतरी येऊन आपल्यावर कागद लावेल याची वाट बघत. चाकाचं त्यांच्याशी फारसं जमत नसावं. शिवाय ते घोडे कधीमधी सहलीला जातात. अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटनं करायला सगळा वर्ग वालधुनीच्या काठी जातो. ते देऊळ शके ९८२चं, म्हणजे १०६०चं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं आणि वर बघायचं तर आभाळ. मुलं तिथून दगडावरच्या नर्तकी कागदावर घेऊन येतात. चाक आपलं गाळ्यातच, जमिनीला खिळलेलं.

त्याची मागणी एकच. गोळा मधोमध पाहिजे. बाकी तुम्ही कोण, काय करता, किती वर्षं चित्रं काढता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गोळा थापून चाकावर बसवायचा, हात ओले करायचे, कोपर मांड्यांवर रोवायचे आणि फिरत्या मातीला दोन्ही तळव्यांनी मध्याकडे रेटायचं. नखभर जरी बाजूला राहिला, तरी प्रत्येक फेरीला एक ठोसा तळहातावर बसतो. शिकवणाऱ्या ताई सांगतात, "ढकलू नका, नुसते हात धरा. माती येईल." चाक मात्र काही सांगत नाही, ठोसे देत राहतं. घरी भांडून आलेला माणूस त्याला पहिल्या मिनिटात कळतो.

माझे सहा रविवार असेच गेले. सातव्या रविवारी केव्हातरी ठोसे थांबले. मला वाटलं चाकच बंद पडलं. खाली बघितलं तर पेडल दाबलेलं, मोटर चालू, आणि गोळा मात्र जागच्या जागी, जणू फिरतच नाही. मधोमध आलेली माती तशीच दिसते. तेवढ्यात मी आनंदाने ताईंकडे बघितलं आणि माती पुन्हा गेली.

कुंभाराचं पिढीजात चाक वेगळं. जड, खुंटीवर तोललेलं. दांड्याने गरगरा फिरवून सोडायचं आणि ते स्वतःच्या वजनावर फिरत असेपर्यंत मडकं उठवायचं. त्या घरात बायकांनी माती आणायची, चाळायची, मळायची, मडकी रंगवायची, आवा रचायला हात लावायचा. चाकाला मात्र बहुतेक ठिकाणी त्यांचा हात लागत नसे. आमचं चाक यंत्राच्या कारखान्यात जन्मलं, त्याला ही रीत कुणी शिकवली नाही. आमच्याकडे दहातल्या आठ बायका. डोंबिवलीची नोकरी करून आलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, सूनबाईंना घर सोपवून आलेल्या. चाकाला जात नाही, बाईमाणूस नाही.

फी मात्र आहे. म्हणूनच की काय, कुंभाराच्या घरातलं कुणी इथे शिकायला आलेलं मी पाहिलं नाही. दिवाळीत स्टेशन रोडवर पणत्यांच्या डझनामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, इथल्या प्रदर्शनात वेडावाकडा मग निमूट पैसे मोजून घेते. हा हिशेब चाकापुढे बसलं की फार टोचतो.

आमच्यात सगळ्यात स्थिर हात उल्हासनगर कॅम्प चारच्या आंटींचा. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना पहिल्याच दिवशी गोळा जमला. चाकाने कुरकुरसुद्धा केली नाही, हा उघड पक्षपात. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बरॅकींत संसार मांडले गेले, आणि त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधमधल्या हाला गावची निळी-हिरवी झिलईची भांडी प्रसिद्ध. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी या शिक्षकाने १८७०च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा काढली, तेव्हा त्यासाठी सिंधमधून कुंभार आणले होते. म्हणजे या भागातली 'स्टुडिओ पॉटरी' निर्वासितांच्या आधी पाऊणशे वर्षं सिंधी हातांनी इथे येऊन गेलेली. आंटींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तो क्या, माती तर माती असते."

गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. सुहिणीची. रात्री घडा पोटाशी धरून नदी पार करून प्रियकराला भेटायला जाणारी. एके रात्री घरच्या कुणीतरी पक्क्या घड्याच्या जागी कच्चा ठेवला, आणि भर पाण्यात तो विरघळला. आमच्याकडे गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली नामदेव कच्चं मडकं ठरले, पण ते तिथून पंढरीला गेले आणि पुढे पक्के झाले. सुहिणीला ती सवड मिळाली नाही. आंटी गोष्ट सांगत होत्या आणि मला आमची उल्हास नदी आठवत होती. हिलाही कमी समजू नये. २७ जुलै २०१९ला हिच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट अडवली होती.

कच्च्याचा प्रश्न आम्हाला रोजचा आहे, कारण गाळ्यात भट्टी नाही. वाळलेली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने दुसऱ्यांच्या भट्टीवर जातात. खड्ड्यागणिक एखादा कान जातो. पावसाळ्यात तर वाळायलाच पंधरा दिवस. वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारच्या दोघांना घेऊन. वाचून येतं तेही आकसलेलं. दोन कप चहाचं म्हणून केलेलं भांडं एका कपाचं होऊन परत येतं, ते बघून आंटी म्हणतात, "एकटीला पुरे."

परवाच्या रविवारी पावसात लाइट गेली. आंटींचं उंच भांडं अर्ध्यावर होतं. गिरणीचा आवाज आधी थांबला, मग चाकाचा सूर खाली उतरत उतरत विझला. आंटींचे हात तसेच होते, भांड्याच्या भिंतीला धरून. खिडकीतून येणाऱ्या उजेडात भांडं फिरतंय की थांबलंय, ते कळत नव्हतं.

"थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"थांबलं," ताई म्हणाल्या. "हात सावकाश काढा, आंटी."