जुनी आठशे

सकाळी आमची मारुती आठशे एका किल्लीत उठत नाही. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटरला दोनदा पाय लावायचा, मग स्टार्टर जरा कुरकुरतो आणि तीन सिलिंडरची ती ओळखीची थरथर सुरू होते. पावसाळ्यात एवढ्यानेही भागत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरलेली असते. ती काढून कोरड्या फडक्याने पुसायची, परत बसवायची. खर्च शून्य. घाई करून चोक ओढूनच ठेवला तर प्लग ओले होतात आणि पेट्रोलचा वास सुटतो. मग तिला जरा एकटं सोडून आपण आत जाऊन चहा घ्यावा हे उत्तम.

हिच्या घराण्याला इतिहास आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हा रस्त्यावर अँबॅसिडर आणि पद्मिनीचं राज्य होतं. १९८६ मध्ये रूप पालटलं. आमची १९९७ ची, म्हणजे त्याच रूपातली: ७९६ सीसी, कार्बोरेटर, चार गिअर, बारा इंची चाकं आणि साडेसहाशे किलोंच्या आसपास अंग. ढकलायची वेळ आली तर दोन माणसं पुरतात, हा तिचा गुण शोरूममध्ये कुणी सांगितला नव्हता.

स्वभावाने बोलकी. नव्या गाड्यांचं दुखणं लॅपटॉप जोडल्याशिवाय कळत नाही. ही आवाजाने सांगते. पूर्ण वळण घेताना पुढून कट्-कट् आली की ॲक्सलचं रबरी बूट फाटलंय, ग्रीस उडालंय, आत धूळ गेलीय. बूट फाटताच बदललं तर काही शे रुपयांत भागतं. कानाडोळा केला तर ॲक्सलच बदलायचा आणि मग आकडा हजारांत. खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू आली तर लोअर आर्मचे बुश गेले. क्लचची केबल मात्र मुकी. ती न सांगता तुटते, आणि बहुतेक चौकातच. केबल स्वस्त असते, महाग पडतात मागच्यांचे हॉर्न.

तापणं हे तिचं जुनं दुखणं, आणि त्यात तिच्यापेक्षा आपलाच हात अधिक. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं की रेडिएटरची जाळी क्षाराने तुंबते. खंबाटकी घाट चढताना काटा वर सरकतो. मग एखादा मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो, ‘कटकट मिटली’ म्हणतो, आणि थंडीच्या दिवसांत इंजिन गरमच होत नाही म्हणून ॲव्हरेज पडतं. तसंच तापत ठेवून पुढे दामटली तर हेड गॅस्केट उडतं, ऑइल दुधाळ होतं आणि हेड फेसिंगला जातं. इथे बिल पहिल्यांदा बोचतं. रेडिएटर वेळेवर साफ करायला त्याचा अगदी थोडा हिस्सा लागला असता.

तरीही इंजिनाची भीती नाही. गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण याच जातीचं इंजिन ओम्नीच्या पोटात आणखी काही वर्षं धावत राहिलं. त्यामुळे पुण्यात नाना पेठेत गेलं की पिस्टन रिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आजही मिळतात, ओरिजिनल नसले तर लोकल. अडतं ते अंगावरच्या सामानाचं. दरवाजाचं हँडल, काचेचं रबर, डॅशबोर्डचा एखादा तुकडा मागा. दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग माळ्याकडे.

खरा वैरी गंज. मागच्या चाकांवरची कमान, दरवाजाची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे आणि फ्लोअर. कोकणातली गाडी असेल तर विचारूच नका. डेंटर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून देतो, तो टिकतो. नुसती पुट्टी भरून रंग मारणारा पुढच्या पावसाळ्यात फुगवटे देतो. जुनी आठशे घ्यायला जाल तेव्हा खिशात चुंबक ठेवा. जाड पुट्टीवर ते चिकटत नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या एका फेरीत इंजिनाच्या कित्येक वर्षांच्या किरकोळ दुरुस्त्या बसतात, आणि तरी लोक विचारतात ते इंजिनाचंच.

शिवाय कागद. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, तीही पाच-पाच वर्षांची. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. तिला चाळीस हजारांना मागणारा कुणी भेटला तर नशीब म्हणायचं, आणि त्यातला चौथा हिस्सा एका शिक्क्याचा. घरात यावर दरवेळी बैठक बसते. सगळी दुरुस्ती एकत्र जोडून पाहू, असं कुणीतरी सुचवतं. पण मिस्त्रीने हिशेब वहीच्या फाटक्या पानांवर दिलेले असतात आणि ती पानं, देवाची कृपा, सापडत नाहीत.

यंदा ड्रायव्हरकडचा फ्लोअर नवा करून घेतला. डावीकडचा पासिंगच्या आधी करायचाय. तोवर पुढे डावीकडे बसणाऱ्यांनी पाय मॅटवर जरा बेतानेच टेकावेत.