उघडता येणारी गाडी

कोल्हापूर

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, मला गाडी चालवायची आहे, उघडायची नाही." तुझ्या मामीला त्याचं इतकं हसू आलं की शेजारीपाजारी सांगून आली. माझ्या मात्र ते डोक्यात बसलंय. भाऊंच्या बुलेटच्या टाकीवर बसून वाढलेली पोर असं बोलते म्हणजे कमाल झाली!

तुझा प्रश्न साधा होता: हिमालयन मोटरसायकल जुनी सेकंडहँड घेऊ की नवी? एका ओळीत सांगितलं असतं, पण तू वर ते वाक्य ठेवून दिलंस. आता ऐकून घे.

कागदावर नवीच सरस, यात वाद नाही. जुनी ४११ सीसीची, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारी, बोअर ७८ आणि स्ट्रोक ८६ मिलिमीटर, ताकद २४ हॉर्सपॉवरच्या आसपास. नवी ४५२ सीसीची, रेडिएटरवाली, बोअर ८४, स्ट्रोक ८१.५, ताकद ४०. स्ट्रोक आखूड असला की दर फेऱ्याला पिस्टनची धाव कमी, म्हणून इंजिन जास्त फिरवता येतं. बोअर रुंद म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हना जागा. पाण्यामुळे हेड सगळीकडून सारखं थंड राहतं, मग कॉम्प्रेशन वाढवता येतं आणि धुराचे नियमही सांभाळता येतात. ज्यानं हे केलं तो हुशारच.

पण त्यानं पाना धरणाऱ्याचा विचार कितपत केला? भाऊंच्या गाडीचं तुला आठवत असेल. बीडाचं इंजिन, ७० बाय ९०, ताकद सगळी मिळून १८. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, उजव्या बाजूच्या टॅपेट कव्हरचा एक नट काढायचा. पिस्टन वर आणायचा आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. घट्ट असेल तर पान्यानं किंचित सैल करायचा, लॉकनट आवळायचा, परत फिरवून बघायचा. चहा निवायच्या आत काम संपायचं. तुझी बोटं बारीक म्हणून भाऊ तुलाच बोलवायचे, विसरलीस?

४११ मध्ये पुशरॉड गेले, कॅम वर गेला, पण टॅपेटला स्क्रू आणि लॉकनट राहिला. फीलर गेज सरकवलं की फट कळते. नव्या दोन कॅमच्या इंजिनात ती फट शिम बदलून जमवायची. आधी मोजा, मग हव्या जाडीची शिम शोधा, मग बसवा. इथल्या उद्यमनगरात आजही अख्खं हेड करून देणारे हात आहेत गं, पण नव्या गाडीचं दुखणं आधी लॅपटॉपला विचारावं लागतं, आणि तो लॅपटॉप शोरूममध्ये असतो.

तू म्हणशील, एवढी उठाठेव करायचीच कशाला? अगं, उघडलेल्या गाडीचा आवाज कळतो. करूळ घाट चढताना तिसऱ्यात इंजिन धपधप ओढत असतं, मधेच एक ठोका वेगळा पडतो, आणि मान न वळवता समजतं की टॅपेट वाजतोय की चेन सैल झालीय. मला चालवण्यातली निम्मी मजा तिथेच वाटते. वेगाची मजा आहेच, नाही कुठे म्हणतोय! पण घाटात ४० हॉर्सपॉवर लावणार कुठे, समोर उसाची ट्रॉली असते.

कार्ब्युरेटरचा हट्ट मात्र मी धरणार नाही, हे तुझ्या बाबांनाही सांग, ते मला उगाच जुनाट समजतात. तू जाणार आहेस त्या स्पितीत कुंझुम खिंडीत साडेचार हजार मीटरवर हवा विरळ. तिथं कार्ब्युरेटर पेट्रोल नेहमीसारखंच सोडत राहतो, गाडी गुदमरते, प्लग काळा पडतो. इंजेक्शनचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल कमी करतो. म्हणून ४११ घ्यायची तर २०१७ नंतरची, इंजेक्शनवाली घे. पैसे देण्याआधी थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐक. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवली असेल तर परत ये.

आणि एकटी जाणार म्हणालीस ते काय? गाडी कितीही चांगली असली तरी लोसार गावाच्या अलीकडे नाल्यात घसरली तर उचलायला कोण आहे? क्लचची दुसरी केबल पहिलीला समांतर आधीच टाकून ठेव, लिव्हर एक जास्तीची घे, पंक्चरचं सामान घे आणि ते घरी एकदा वापरून बघ. मोबाइलला तिथं रेंज असेलच असं धरून चालू नकोस. ताईच्या बोलण्यावरून तिला यातलं काहीच ठाऊक नाही असं दिसतं. तिला कळेल तेव्हा फोन मला येणार आहे, तुला नाही. या रविवारच्या आत तिला सांग, नाहीतर मी सांगेन.

तुझा,
मामा