खरवडलेला खडक

"हे रंगवलेलं नाही हो, खरवडलेलं आहे," असं म्हणून परीक्षकांनी माझं चित्र बाद गठ्ठ्यावर ठेवलं. बरीच वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं फिरतं. नाव घेत नाही. माणूस जलरंगातला जाणता होता, म्हणूनच जास्त लागलं.

स्पर्धा निघोजला, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांवर. सकाळी कागदाच्या मागे शिक्का मारून घ्यायचा, दुपारी चित्र जमा करायचं, हे नेहमीचंच. एप्रिलचं ऊन आणि बसायला तापलेला दगड.

आपला बेसाल्ट काळा, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रांत डोंगर तपकिरी आणि खडक काळा, संपलं. पण तासभर समोर बसून बघा. उन्हातली बाजू जवळजवळ पांढुरकी, सावलीतली जांभळट, खाली पाणी लागतं तिथे शेवाळी. ट्यूबमधला काळा तिथे कुठेच नसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, करडा आपोआप मिळतो. निळा जास्त घातला की सावली, सिएना जास्त घातला की ऊन. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकटात येतो.

पण निघोजचा खडक नुसता खरखरीत नाही. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून खडक आतून घासत गेले, त्यातून हे रांजण झाले. त्यामुळे पोटात गुळगुळीत गोलाई आणि तोंडाशी धारदार ओठ. ऊन नेमकं त्या ओठावर चमकतं. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण असे शेकडो ओठ राखत वॉश द्यायचा कसा? त्या वाऱ्यात ब्रश पलीकडे पोचेपर्यंत अलीकडची कड वाळत होती.

म्हणून मी दाट रंग लावला, त्याची ओली चकाकी उतरेपर्यंत थांबले आणि जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा दाबून ओढला. रंग बाजूला सरकतो, मधे उजळ पृष्ठभाग राहतो आणि कडेला सरकलेल्या रंगाची गडद रेघ जमते. एका ओढीत दगडाची बाजू उभी राहते. घाई केली तर रंग परत आत वाहतो आणि रेघ उलट काळी पडते. उशीर झाला की हलतच नाही. त्या मधल्या क्षणासाठी हात तयार व्हावा लागतो. याला लबाडी म्हणायचं?

मी म्हटलं, "सर, टर्नरसुद्धा कागद खरवडून उजेड काढायचा."

"तुम्ही टर्नर नाही."

आजूबाजूची मंडळी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार! पण नियमांच्या कागदावर कार्डाबद्दल अक्षर नव्हतं. शेजारच्या गृहस्थांनी मास्किंग फ्लुइड लावून मग रबरासारखं सोलून काढलं होतं, ते चाललं. एका मुलीने मेणबत्ती घासली होती, एकाने ओल्या रंगावर मीठ टाकलं होतं, तेही चाललं. आणि पहिलं बक्षीस? त्या चित्रात दोन्ही काठांवरून फेसाळतं पाणी कोसळत होतं आणि मागे हिरवीगार झाडी. एप्रिलमध्ये! समोर डबक्यांतलं हिरवट पाणी आणि पलीकडे करपलेलं गवत. माझं कार्ड लबाड आणि नसलेला धबधबा मात्र कल्पकता. परीक्षक म्हणाले, "यात ताजेपणा आहे." असेलही. झाडी मात्र खरंच सुंदर होती, एका वॉशमध्ये काढलेली, परत ब्रश न लावता. तसं मला अजून जमत नाही.

स्पर्धांना जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की सुरुवातीलाच आयोजकांना विचारून घ्या, काय चालतं आणि काय नाही. आणि ब्रशपेक्षा कागदावर पैसे घाला. तीनशे जीएसएमचा, चांगला सायझिंग केलेला घ्या. पातळ कागद खरवडला की त्याचे धागे निघतात आणि तिथे पुढचा रंग शाईसारखा फुटतो.

आता माझ्याकडे रविवारी काहीजण शिकायला येतात. त्यांना मी पहिलं वर्षभर कार्डाला हात लावू देत नाही. एकदा ती युक्ती कळली की मुलं पांढरा राखायचंच सोडून देतात, सगळा कागद काळा करून मग खरवडत बसतात आणि प्रत्येक दगड एकसारखा दिसायला लागतो. परवा त्यांच्यातला एक जण विचारत होता, "मॅडम, मग तुमच्या पेटीत ते कार्ड कशाला?" मी त्याला आधी वॉश पुरा करायला सांगितलं. त्या परीक्षकांचं म्हणणं हेच असणार, असं कधीकधी वाटतं. तरी त्यांनी ते असं सांगायला हवं होतं. ते टर्नरचं बोलायची काही गरज नव्हती.